मुलीकडची बाजू

शरयूला ती बातमी कळली ती बटाटेवडे वाढून घेताना.

ऑगस्टमधला रविवार होता. ओहायोतल्या कोलंबसच्या मराठी मंडळाची सहल शेजारच्या डब्लिन गावात, नदीकाठच्या पार्कात होती. प्रतिमाकाकूंनी न विचारताच तिच्या ताटलीत आणखी एक वडा टाकला.

"घे गं, इटलीत कोण करून घालणार आहे? आणि काय, दोन-दोन क्लब मागे लागलेत म्हणे तुझ्या. बाबा सांगत होते, अजून होकार दिलेला नाही."

शरयूनं ताटली टेबलावर ठेवली. दोन क्लब कुठले ते तिला माहीत नव्हतं. तिला एकाच क्लबच्या फोनची वाट होती, आणि त्या फोनपायी ती जुलैपासून घरात घंटी वाजली की जिन्यावरून उड्या टाकत खाली येत होती.

"कुणी होकार दिला नाही, काकू?"

"तुम्हीच. म्हणजे बाबांनी. बरोबरच आहे, मुलीकडच्यांनी घाई दाखवू नये." स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन काकू पुढच्या ताटलीकडे वळल्या.

शरयू सहा फूट उंच होती आणि बास्केटबॉल खेळून पोट भरत होती. अमेरिकेत बायकांसाठी एक व्यावसायिक लीग निघाली होती, पण शरयू कॉलेजात असतानाच ती बुडाली. कॉलेज संपल्यावरही खेळायचं तर देश सोडून जायचं, एवढाच रस्ता उरला होता. पहिलं वर्ष तिनं जर्मनीत काढलं. तिथे दुपारी लहान मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी शाळेच्या जिममध्ये खेळायचं. मग दोन वर्षं उत्तर इटलीतल्या एका गावात. तिथे संघाचं नाव पैसे पुरवणाऱ्या कारखान्यावरून पडे, म्हणून ती एक वर्ष फरश्यांसाठी खेळली आणि एक वर्ष मोज्यांसाठी. संघात परदेशी मुलीची जागा एकच होती. बाकीच्या सगळ्या आसपासच्या गावांतल्या. जिंकलं तर संघ जिंकायचा आणि हरलं तर अमेरिकन हरायची.

तिच्या पहिल्या सामन्याला प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, की अमेरिकन मागवली होती, मग ही कुठली पाठवली? नाताळ येईपर्यंत तोच म्हातारा तिला रस्त्यात 'अमेरिकाना' अशी हाक मारून कॉफी पाजू लागला. त्या हाकेचं शरयूला फार अप्रूप होतं. जन्म ओहायोतला, शाळा ओहायोतली, पण ओहायोत तिला कुणी अमेरिकन म्हटलं नव्हतं. दुकानात लोक विचारत, तू मूळची कुठली. मंडळात विचारत, एवढ्या उंच मुलीला नवरा कुठून आणायचा. तिसऱ्या वर्षासाठीही बोलावू, जुलैअखेर फोन करतो, असं संघाच्या मॅनेजरनं, झानेल्लानं, निघताना सांगितलं होतं. फोन काही आला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं.

बाबा झाडाखाली चटईवर रमी खेळत बसले होते. तिचे बाबा, राजाराम, म्हणजे मंडळातलं शांत माणूस. रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचे आणि कुणाशी आवाज चढवून बोलायचे नाहीत.

"बाबा, झानेल्लाचा फोन आला होता?"

"घरी बोलू." त्यांनी एक पान टाकलं.

शरयू रागावली की इंग्रजीत जायची आणि मग बाबा तिला शांतपणे बोलू द्यायचे, जणू ते बोलणं दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललंय. त्या दिवशी तिनं मुद्दाम मराठी धरून ठेवलं.

"आला होता की नाही, एवढंच सांगा."

"आला होता. तू सिनसिनाटीला कँपमध्ये शिकवत होतीस तेव्हा. दोनदा आला. तसा गोड बोलतो माणूस." त्यांनी पत्त्यांतून वर पाहिलं. "अगं, सगळं व्यवस्थित चाललंय. ठरल्यावर सांगणारच होतो तुला. उगाच आधीपासून मनात काही धरून बसायला नको."

चटईवरच्या इतरांनी आपापल्या पानांत डोकं घातलं. शरयूनं हात पुढे केला आणि गाडीची किल्ली मागितली. त्यांनी ती निमूट दिली.

घर जवळच होतं. इटलीत तेव्हा रविवारची संध्याकाळ असणार आणि झानेल्ला चौकातल्या बारमध्ये असणार. क्लबचं खरं ऑफिस तेच होतं, आणि त्या बारचा नंबर तिला पाठ होता. तो फोनवर आला तेव्हा आधी खूश झाला, मग जपून बोलायला लागला. तिच्या वडिलांशी दोनदा बोलणं झालं, असं त्यानं सांगितलं. पहिल्या वेळी ते म्हणाले, आम्हाला आनंद आहे, घरात विचार करून कळवतो. त्याला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं, कारण कारखान्याच्या मालकाला नाव द्यायचं होतं. शनिवारी त्यानं परत फोन केला. तेव्हा वडिलांनी मालकाच्या घरच्यांची चौकशी केली, राहायच्या जागेत स्वयंपाकघर वेगळं आहे का ते विचारलं, आणि शेवटी सांगितलं, की दुसरीकडूनही विचारणा आहे, तेव्हा थोडं थांबावं लागेल.

"मला कळलं, की तू जास्त चांगला क्लब बघितलास," झानेल्ला म्हणाला. "मी रागावलो नाही. खेळाडूला चार वर्षं मिळतात, त्यानं बघावं. टेक्ससची एक मुलगी मिळाली. परवा पोचली."

शरयूनं विचारलं, कशी आहे?

"उंच आहे," झानेल्ला म्हणाला. "डावीकडून जाता येत नाही तिला. तुला जाता यायचं."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात उभीच राहिली. खिडकीतून गॅरेजवरची बास्केट दिसत होती. ती दहा वर्षांची असताना बाबांनी ती टेप लावून, ओळंबा धरून बसवली होती. कडं इंचभर खाली आलं म्हणून पुन्हा काढून बसवली होती. बर्फ पडला की खेळायची जागा तेच फावड्यानं साफ करून द्यायचे. हे सगळं आठवल्यामुळे राग कमी होत नव्हता, वाढतच होता. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

आईबाबा प्रतिमाकाकूंच्या गाडीतून आले. आईच्या हातात रिकामं पातेलं होतं. शरयूनं जे ऐकलं ते सगळं सांगितलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर आधी दिसलं ते आश्चर्य.

"आठ दिवससुद्धा थांबले नाहीत?"

"का थांबतील? त्यांचे सामने आहेत, बाबा. जागा एकच आहे."

"मी दोन बहिणींची लग्नं जमवली, शरयू. पहिल्या निरोपाला लगेच हो म्हटलं, की समोरचे ओळखतात, यांना गरज आहे. मग पुढे आयुष्यभर मुलीला कमी लेखतात. दुसरं स्थळ आहे असं थोडं सुचवायचं असतं. किंमत राहते."

"कुठे होतं दुसरं स्थळ?"

"नव्हतं. पण तसं म्हणायचं असतं." बाबा खुर्चीवर बसले आणि प्रयोगातला निष्कर्ष सांगावा तसं म्हणाले, "आठ दिवस थांबता येत नाही म्हणजे त्यांना तू मनापासून नकोच होतीस. बरं झालं, वेळेवर कळलं."

तेव्हा शरयूचा तोल गेला. ती ओरडली नाही. टेबलावरची काचेची बरणी तिनं उचलली, ती फोडावीशी वाटतेय हे तिला कळलं, आणि तिनं ती परत ठेवली.

"मी नवरी नाही, बाबा. मी संघातली फॉरवर्ड आहे. झानेल्लाला मी हवी होते, आत्ता सांगितलं त्यानं. तुम्ही त्याला पटवलंत की मला तो नकोय. मला खेळायला किती वर्षं आहेत? गुडघे आहेत तोवर. त्यातलं एक तुम्ही रमी खेळता खेळता घालवलंत."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"मला का नाही विचारलंत? सिनसिनाटीला फोन आहेत."

बाबांनी आईकडे पाहिलं. तिला वाटलं, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. मुलीकडच्या बाजूनं बोलणी होतात, त्यात मुलगी कुठे असते?

ती आईकडे वळली. आई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. काचेखाली जे दिसेल त्याहून जास्त एक शब्दही ती अहवालात लिहायची नाही.

"तुला माहीत होतं?"

"होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, त्यांना यातलं कळतं. माझं लग्न असंच ठरलं होतं. महिनाभर बोलणी चालली होती आणि मला पत्ता नव्हता."

"मग?"

"मग काय. आले ना ओहायोला." आईनं पातेलं सिंकमध्ये ठेवलं, जरा आपटूनच.

त्यानंतर शरयू बाबांशी कामापुरतं बोलायची. सप्टेंबरात एका शाळेतल्या मुलींना शिकवायचं काम तिला मिळालं. संध्याकाळी ती गावातल्या जिममध्ये पुरुषांबरोबर खेळायची. ते आधी तिला पास देत नसत आणि मग फक्त तिलाच देत. मंडळाच्या गणपतीला ती गेली नाही. प्रतिमाकाकूंनी आईला विचारलं, की क्लबचं काय झालं, फिसकटलं का? आईनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि बाबा मान खाली घालून जेवले.

परदेशी खेळाडूंच्या धंद्यात एक वाईट गोष्ट असते. ज्यांची जागा हुकते, ते कुणाच्या तरी पायाची वाट बघत राहतात. हंगाम सुरू झाला, की कुठेतरी एखादी अमेरिकन घोटा मोडून घेते, नाहीतर लागोपाठ हरते, आणि तिच्या जागी दुसरी हवी असते, तीही चार दिवसांत. शरयूनं ओळखीच्या सगळ्यांना कळवून ठेवलं होतं. आपण कुणाचा तरी घोटा मोडायची वाट बघतोय याची तिला लाज वाटायची, आणि ती लाजही ती बाबांच्या नावावर लिहून टाकायची.

फोन आला नोव्हेंबरात, शनिवारी सकाळी. ती न्हाऊन केस पुसत जिन्याच्या टोकाशी आली तेव्हा बाबांनी रिसीव्हर उचललेला होता.

"सिसिली? येस, येस," ते म्हणत होते. ताठ उभे होते, कंपनीच्या मोठ्या साहेबाचा फोन असावा तसे. "शी इज कमिंग. डेफिनेटली. थर्सडे? नो प्रॉब्लेम."

शरयू पायरीवरच थांबली. ऑगस्टमध्ये आपण जास्तीत जास्त चिडलो होतो, असा तिचा समज होता. तो चुकीचा होता.

बाबांनी तिला पाहिलं. रिसीव्हरवर हात ठेवून, आनंदानं अगदी लाल होऊन ते म्हणाले, "लगेच हो म्हटलं. एक सेकंद लावला नाही. झालं तुझं काम."

तीन महिने त्यांनी स्वतःची चूक शोधली होती आणि त्यांना ती अशी सापडली होती. उशीर झाला, एवढंच त्यांच्या हिशेबात बसलं होतं.

तिनं खाली येऊन त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. "आत्ता बोलले ते माझे वडील," तिनं इटालियनमध्ये सांगितलं. "ते खेळत नाहीत. आता मला विचारा."

पलीकडचा माणूस गोंधळला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दर्जाची लीग होती. त्यांच्या अमेरिकन मुलीचा घोटा गेला होता. शरयूनं विचारलं, की जिमची जमीन कशाची आहे, लाकडाची की सिमेंटची? सिमेंटवर तिचे गुडघे हंगामभर टिकले नसते. तो म्हणाला, लाकडाची आहे, पण एका कोपऱ्यात छत गळतं. बाबा समोर उभं राहून हातानं खुणा करत होते, हो म्हण, हो म्हण. शरयूनं फोनची लांब वायर ओढत जेवणघर गाठलं आणि मध्ये दार लोटून घेतलं. प्रशिक्षक कोण, रोज सराव किती, संघ हरला तर घरी पाठवायच्या आधी किती सामने देणार, हे सगळं तिनं सावकाश विचारलं. एका प्रश्नाचं उत्तर तिला आवडलं नाही आणि तिनं तसं सांगितलं. मग हळू आवाजात, दाराबाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं, येते म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा बाबा तिथेच उभे होते. आई गॅस बंद करून दारात आली होती.

"काय ठरलं?" बाबांनी विचारलं.

"ठरल्यावर सांगीन."

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. तिला बहुतेक कळलं असावं. ती परत गॅसकडे वळली.

मोठी बॅग तळघरात होती. तळघराचं दार उघडलं की घरभर करकरतं, आणि त्या आवाजावरून बाबांना लगेच समजलं असतं. शरयू वर आपल्या खोलीत गेली आणि केस पुसत पलंगावर बसली. बॅग आज काढायची नव्हती. खाली बाबा आईला दबक्या आवाजात विचारत होते, की हो म्हणाली का गं, तुला काय वाटतं? आई म्हणत होती, मला काय माहीत, तिला विचारा.

ते जिन्याच्या तळाशी आले. पहिल्या पायरीवर त्यांचं पाऊल वाजलं आणि मग बराच वेळ काहीच वाजलं नाही.