नारळाची जागा

मेडशीजवळच्या आमच्या गावात पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे खणायची, हे सांगायला मला सल्लागार नेमलं होतं. मी पर्यावरण अभियंता, आणि याच गावच्या बौद्धवाड्यातली. उन्हातान्हात भटकून मी जागा शोधली, तोवर गावानं पाणाड्या आणून मोकळं व्हावं? तो तळहातावर आडवा नारळ ठेवून फिरला. सरपंच पुंजाजींच्या शेतात नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी, आणि तिथेच पूजा होऊन कुदळही पडली. कुदळ पडलेली जागा आमच्याकडे बदलत नाहीत. आता माझी सही तेवढी हवी होती.

ती मी मेले तरी देणार नव्हते. अख्ख्या गावाच्या संडासांचे खड्डे त्या शेताच्या वरच्या अंगाला आहेत. शेजारच्या बोअरचं पाणी तपासणीत नापास झालं होतं. विहिरीला पाणी भरपूर लागलं असतं, पण ते लेकरांच्या पोटात जाणार, या विचारानंच माझं डोकं फिरत होतं.

माझी जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्धवाड्याला लागून, माझ्या आईच्या शेतात होती. बौद्धवाड्याजवळचं पाणी गावाला नको, खरं दुखणं तेच. नारळ पुढे करणं आपलं सोपं. आई, लिलाबाई, मला विनवत होती की सही करून टाक, तू वाशिमला निघून जाशील, आम्हाला इथेच राहायचंय.

ग्रामसभेत पुंजाजी गोडीत आले. "पोरी, तुले तुया मायच्याच वावरात विहीर पायजे, असं लोक म्हनून राह्यले. सई कर, नाई तं आमी दुसरा इंजिनिअर आनू."

"आना ना काका. तुमच्या वावरातलं पाणी पिण्याजोगं नाई, असं मी लिहून देलं. माही सई त्याच्याच खाली हाय."

तेवढ्यात मागून आई उठली. ही आता माझ्या वतीनं माफी मागणार, असं मला वाटलं.

"वावर माह्या नावावर हाय. विहिरीची जागा गावाले लिहून देतो," ती पुंजाजींना म्हणाली. "पन पाणी शेंदताना कोनी कोनाले सरक म्हनायचं नाई. कबूल असन तं कुदळ आना."

कुणीच हो म्हणेना. मग तिनं पदर खोचला आणि कुदळ आणायला स्वतःच घराकडे निघाली.