सात मिनिटांवरची नोकरी

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली जाऊ परगावी राहून फोनवरून सासूची सेवा करायची, त्यामुळे हातापायांची सेवा धाकटीच्या वाट्याला आली होती. सासूबाईंना काही आठवत नसे. गॅस चालू ठेवून त्या झोपत, कडी काढून रस्त्यावर जाऊन उभ्या राहत. सांभाळायला ठेवलेल्या दोन्ही बायकांना त्यांनी चोर ठरवून पिटाळलं होतं. धाकटीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचीही चोरी झाली होती.

अशात वाचनालयात जागा निघाली. तिला पुस्तकांचं वेड, शिक्षणही त्यातलंच; निवड झाली. येणार की नाही, ते आज पाचच्या आत कळवायचं होतं. नवरा म्हणत होता, बघू काहीतरी. त्याचं हे 'बघू' ती लग्नापासून बघत आली होती.

नवऱ्याचं काम मोठं गमतीचं. लोकांना घरापासून दवाखाना, शाळा, बाजार, नोकरी गाठायला किती वेळ लागतो ते मोजून तो शहराचा नकाशा रंगवायचा. सगळं पंधरा मिनिटांच्या आत असलं की घर हिरवं. पण साहेबांनी त्याला झापलं होतं, की खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नका, खरं चालून मोजा, आणि तेही तुमच्या ढांगांनी नको. म्हणून तो दुपारीच घरी आला आणि धाकटीला म्हणाला, "वाचनालयापर्यंत चालत जा. तोवर आईपाशी मी बसतो."

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. मोजणी चालू केलेला फोन मुठीत धरून ती निघाली. वाचनालयाच्या बाईंनी हसून तिचं टेबल दाखवलं, खिडकीपाशीच होतं. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच फोन वाजला.

"लवकर ये," नवरा म्हणाला. "आई मला ओळखत नाहीये. दारावर डोकं आपटतेय. मला नाही आवरत."

ती धावत परतली. तिला पाहताच सासूबाई लेकरासारख्या शांत झाल्या आणि तिचा हात धरून बसल्या. नवरा घाम पुसून पाणी प्यायला आणि कामाला लागला. जायला फक्त सात मिनिटं लागलेली पाहून तो खूश झाला. आपलं घर त्यानं हिरवं केलं आणि म्हणाला, बघ, सगळं कसं हाकेच्या अंतरावर आहे. माणूस वाईट नव्हता, पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. धाकटीला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. तिला रडूही येत होतं, पण हात सोडवून आत जाणार कशी?

पाच वाजत आले तेव्हा तिनं मोकळ्या हातानं वाचनालयात फोन लावला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं.

"का गं?" बाईंनी विचारलं. "लांब पडतं का?"

"हो," धाकटी म्हणाली, "फार लांब पडतं."

नवऱ्यानं नकाशावरून मान वर केली. पण आईपाशी दहा मिनिटंही न टिकलेला तो माणूस पुन्हा मान खाली घालून पुढचं घर रंगवू लागला.