कोसा रंगाची मांजर

ईश्वरचं पत्र वैशाखात आलं आणि देवाजी धकाते यांनी त्याला उत्तर दिलं नाही. विसरले म्हणावं, तर पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असायचं. सदरा धुवायला पडला की पत्र दुसऱ्या सदऱ्यात जायचं. उघडून-मिटून घड्या विरू लागल्या, तेव्हा मोहाडीच्या वाचनालयात अडतीस वर्षं फाटकी पुस्तकं सांधणाऱ्या या माणसानं घड्यांवर पारदर्शक कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या. तेव्हापासून पत्र उघडताना पापड मोडल्यासारखं कुरकुरायचं.

पत्रात फार काही नव्हतं. “देवा, मी पुण्यातच मोठ्या मुलीकडे राहायला चाललो. नातवाला मांजराच्या केसांनी दम लागतो. माझी मांजर तू ठेवशील का? सिंगापुरा नावाची जात आहे, आपल्याकडे सहसा दिसत नाही. लहानशी आहे, केस आखूड. नाव ठेवलेलं नाही, मी तिला नुसतं ‘ए’ म्हणतो. फोन करू नको. फोनवर तू नुसता हो-हो करतोस. विचार कर आणि लिहून कळव.”

देवाजींनी विचार केला. तेच तर त्यांचं दुखणं होतं. हो म्हणावं, तर आपण एकटे, चौऱ्याहत्तर वर्षांचे. अंगणातली तुळससुद्धा शेजारच्या कुसुमताई पाणी घालतात म्हणून जगलेली. नाही म्हणावं, तर ईश्वर हा आठवीपासूनचा एकमेव मित्र, नोकरीसाठी पुण्याला गेला तरी पत्रं न थांबवलेला. सतरा खर्डे झाले. एकात ‘असमर्थ’ हा शब्द फार जड वाटला, दुसऱ्यात ‘जमणार नाही’ हे फार उद्धट. ज्येष्ठ संपला तरी आंतर्देशीय पत्र कोरंच होतं.

आषाढात दारात मोटार थांबली. ईश्वरची धाकटी मुलगी तृप्ती, नागपूरला नोकरी करणारी, झाकणाची वेताची टोपली घेऊन उतरली.

“काका, बाबा तुमच्या उत्तराची वाट बघत बसले.”

“अगं, मी लिहूनच राहिलो होतो.”

“बाबा म्हणाले, देवाला नाही म्हणायचं असतं तर घाबरून चार दिवसांत पत्र टाकलं असतं. नाही आलं म्हणजे अर्धं हो आहे. उरलेलं अर्धं तो मांजर बघून लिहील.”

देवाजींचे कान तापले. पन्नास वर्षांच्या पत्रांतून कुणी आपल्याला इतकं वाचलं असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

“दसऱ्यापर्यंत ठेवून बघा,” तृप्ती म्हणाली. “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येईन. तोवर तुमचं पत्र टपालात पडलं, तर ही तुमची. नाही तर नागपूरला एक बाई आहेत, घरात सहा जातिवंत मांजरी सांभाळतात, त्या न्यायला तयार आहेत. माझी नोकरी फिरतीची, नाही तर मीच ठेवली असती.”

टोपलीचं झाकण उघडलं आणि आधी नुसते डोळे दिसले. मोठे, हिरवट-पिवळे, कुणीतरी काजळाची काडी फिरवल्यासारखे. मग तोंडाच्या मानानं भलते मोठे कान. मग बाकीची मांजर, जी फारशी नव्हतीच.

कुंपणाच्या भिंतीवरून कुसुमताईंचं डोकं वर आलं. “अगं माय! हे मांजर हाये का उंदीर? भाऊजी, पुण्याच्या लोकायनं उपाशी ठेवली का हिले?”

“जात लहान आहे म्हणे,” देवाजी पुटपुटले.

“कोणती जात?”

तृप्तीनं दोन छापील पानं दिली होती. देवाजींनी चष्मा लावून वाचून दाखवलं, की सिंगापुरा ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, सिंगापूरच्या गटारांमध्ये राहणाऱ्या मांजरांपासून ती आली असं सांगतात, पण जाणकारांचं त्यावर एकमत नाही.

“म्हंजे गटारातली मांजर मोटारीत बसून मोहाडीले आली,” कुसुमताई म्हणाल्या. “नशीब पाहा एकेकाचं!”

पहिला महिना कुसुमताईंनी तिला मोठी करण्यात घालवला. सकाळी दूध-भात, दुपारी दूध-पोळी, आठवडी बाजारातून सुकी मासळी. त्यांचे यजमान बाबूलाल हेडाऊ कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे. सूत तोलायच्या त्यांच्या काट्यावर दर सोमवारी मांजर बसायची आणि दर सोमवारी काटा दोन किलोच्या आसपास थांबायचा.

“सूत असतं तं म्हटलो असतो, कोणी चोरून राहिलं,” बाबूलाल म्हणाले.

देवाजींची झोप उडाली. आपल्या हातात काही वाढत नाही, ही त्यांची जुनी शंका होती आणि आता तर काटाच साक्षीला उभा होता. शेवटी मांजरीचं पोट बिघडलं, तेव्हा ते टोपली घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले आणि दोन म्हशींच्या मागे तासभर उभे राहिले. डॉक्टरांनी मांजरीचे दात पाहिले आणि हसले. “ही दोन वर्षांची आहे, बाबा. पूर्ण वाढलेली. हिला याहून मोठं व्हायचंच नाही. दूध बंद करा.”

परतताना देवाजींना इतकं हलकं वाटलं की ते चुकून एक गल्ली पुढे गेले. जी आहे तेवढीच पुरी आहे, तिच्यात काही कमी नाही, हे वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हटलं.

मग ओळख होऊ लागली. तिचा आवाज तेल घातलेल्या बिजागरीला उरतो तेवढाच होता. तिला उंच आणि ऊबदार जागा हवी असे, म्हणून सकाळी कौलांखालच्या फळीवर, दुपारी देवाजींच्या खांद्यावर. पाहुणा आला तर लपायची नाही. लपायचे ते देवाजी. ती पुढे जाऊन पाहुण्याच्या चपला हुंगायची, आणि देवाजींना नाइलाजानं मागोमाग बाहेर यावं लागायचं. त्या पावसाळ्यात ते जितक्या माणसांशी बोलले, तितक्यांशी वाचनालयाच्या टेबलामागून वर्षभरातही बोलले नसतील.

आणि कागद. पान उलटल्याचा आवाज झाला की ती असेल तिथून येई आणि नेमकी वाचत असलेल्या ओळीवर बसे. देवाजी शेपूट उचलून वाचत. शेपटाचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळसर होतं.

नाव मात्र सुचत नव्हतं. वहीत एकवीस नावं लिहिली, एकवीस खोडली. श्रावणात एका दुपारी बाबूलालनी मांजरीच्या पाठीवरचा एक गळलेला केस उचलला आणि मागाच्या खोलीच्या दारात उजेडाला धरला. भिंतीपलीकडची ती खोली तिचं दुसरं घरच झालं होतं.

“इकडे ये देवाजी. पाह्य. तू समजते, काही केस भुरे, काही काळे. तसं नाही. एकाच केसावर फिका, काळा, मंग फिका, मंग काळा. बांधून रंगवलेल्या सुतासारखं. आमचा बाप करे असं काम.”

देवाजींनी केस चष्म्याजवळ नेला. छापील पानांत हेच होतं, पण वाचून त्यांना कळलं नव्हतं.

“अन् अंगाचा रंग कोणता?” बाबूलालनी खुंटीवरची सुताची लडी मांजरीशेजारी धरली. न रंगवलेला कोसा, मधाळ, मातकट, उजेडात जरासा चमकणारा. लडी कुठे संपते आणि मांजर कुठे सुरू होते, ते कळेना.

“कोसा,” देवाजी म्हणाले. बाविसावं नाव वहीत लिहावंच लागलं नाही.

इथं खरं तर पत्र जायला हवं होतं. पण नाव ठेवल्यावर देवाजींना नवीच शंका आली. एवढी दुर्मिळ, एवढी नाजूक मांजर, आणि आपण तिला महिनाभर दूध पाजून आजारी पाडलं. नागपूरच्या बाई जाणत्या. त्यांच्याकडे तिला समजून घेणारं माणूस मिळेल. आपल्याला ती हवी आहे, हे काही कारण झालं का? दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यांनी अठरावा खर्डा लिहिला. “तिच्या हिताचा विचार करता तिने नागपूरला जावे हेच योग्य वाटते.” वाक्यात चूक नव्हती. तरीही तो कागद वहीतच राहिला.

दसऱ्याच्या सकाळी शेजारी मागाची पूजा झाली. हेडाऊंच्या घरी रीत होती, की पूजा झाली, मागाला आणि सुताला हळदकुंकू-फुलं वाहिली, की खोलीला कडी लागायची. त्या दिवशी माग झोपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटेपर्यंत कवाड उघडायचं नाही. बाबूलालच्या बापानं, आज्यानं कधी उघडलं नव्हतं. एका वर्षी बाबूलालचे नवे जोडे आत राहिले, तर ते सोनं वाटायला गावभर अनवाणी फिरले होते.

दुपारी जेवताना देवाजींच्या ध्यानात आलं की कोसा दिसली नाही. फळीवर नाही, पेटाऱ्यावर नाही. त्यांनी पुस्तक उघडून पानं फडफडवली. कुणी आलं नाही. अंगण झालं, गल्ली झाली, नाली वाकून वाकून पाहिली. चार वाजले. उद्या तृप्ती येणार, आणि तिच्या हाती द्यायला मांजरही नाही. अठराव्या खर्ड्यातलं म्हणणं आपोआप खरं ठरलं होतं. आणि तेव्हाच, नालीपाशी वाकलेले असताना, ते म्हणणं आपल्याला अजिबात मान्य नाही हे त्यांना कळलं.

मग सकाळची गोष्ट आठवली. बाबूलाल पूजेसाठी सुताच्या लड्या रचत होते, तेव्हा कोसा भिंतीवर बसून पाहत होती.

हेडाऊंच्या अंगणात सोनं द्यायला आलेली माणसं बसली होती. देवाजी फाटकाशी थांबले.

“ये देवाजी! काहून उभा?” बाबूलालनी हाक दिली.

“काही नाही,” देवाजी म्हणाले आणि वळले. चार पावलं गेले. मग परत आले, सरळ अंगणाच्या मधोमध. “बाबूलाल, माही कोसा अंदर हाये. कवाड उघड.”

बाबूलालनी आपट्याची पानं खाली ठेवली. “मी सोता पाहून कडी लावली. अंदर कोणी नाही. अन् आज कवाड उघडत नाही, तुले मालूम हाये.”

“मालूम हाये. तरी उघड.”

“मले दिसली नाही अन् तुले भिंतीतून दिसली?”

“तुले दिसणारच नाही,” देवाजी म्हणाले. “तूच सांगितलं होतं, तिचा रंग कोणता.”

कुसुमताई पदर खोचत पुढे आल्या. “उघडा ना जी! माग झोपला हाये, मेला नाही. अन् देवी का लेकराले कोंडून खुश होणार हाये?”

बाबूलाल उठून कवाडापाशी गेले. मग टोपी काढून बगलेत धरली. “चाळीस वर्षांत या माणसानं माह्या दारात पह्यल्यांदा काही मांगलं,” ते बसलेल्यांना म्हणाले, “तेही सणाच्या दिवशी, असं आडवं!” त्यांनी कवाडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि कडी काढली.

आत झेंडूचा वास होता. मागावर फुलं, विणताना पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर विझलेली पणती, कोपऱ्यात कोशाच्या लड्यांचा ढीग. मांजर नव्हती.

“पाहलं?” बाबूलाल हळूच म्हणाले.

देवाजींच्या ओठांवर माफी आली होती. पण काही सुचेनासं झालं की त्यांचा हात खिशाकडे जायचा, तसा गेला. त्यांनी ईश्वरचं पत्र काढलं आणि उघडलं. पट्ट्या कुरकुरल्या.

लड्यांच्या ढिगातून दोन मोठे कान वर आले. मग काजळ घातलेले डोळे. मग ढिगाचा एक तुकडा सुटा झाला, त्यानं आळस दिला, आणि तो चालत येऊन पत्रावर बसायला जागा शोधू लागला.

“अरे!” बाबूलाल म्हणाले. “म्या याच हातानं तिच्यावर हळदकुंकू वाहलं.” खरंच, कोसाच्या पाठीवर पिवळा-लाल ठिपका होता. “मंग हे पूजेतलीच झाली. हिच्यासाठी कवाड उघडलं तं दोष नाही.” आणि बाहेर बसलेल्यांत हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला, तेव्हा देवाजी लिहीत बसले होते. खर्डा केला नाही. “ईश्वर, कोसा माझ्याकडेच राहील. कोसा हे तिचं नाव. मला तिच्यातलं फार कळत नाही, पण कुठे लपते ते कळतं. उशीर झाला. देवा.” एवढंच झालं. बाकीची जागा कोसानं बसून अडवली होती.

आंतर्देशीय चिकटवत असतानाच मोटार थांबली. तृप्ती उतरली, पण टोपली कुठे आहे ते तिनं विचारलं नाही. तिनं त्यांच्या हातातला निळा कागद पाहिला आणि हसली. “द्या काका, मीच देते बाबांना. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंच आहे.”

“नको,” देवाजी म्हणाले. “टपालात पडायला हवं, असं ठरलं होतं.”

“चला तर. मोटारीनं सोडते.”

“चालत जाऊ. जवळच आहे.”

कोसा खांद्यावर बसली होती, तिला उतरवायचं राहून गेलं. टपाल कार्यालयाशी तीन माणसांनी तिच्याबद्दल विचारलं आणि देवाजींनी तिघांनाही सांगितलं, की हो, एवढीच असते, पूर्ण वाढलेली आहे. मग त्यांनी पत्र लाल पेटीच्या तोंडाशी धरलं. पत्ता एकदा वाचला. पुन्हा वाचायला घेणार, तेवढ्यात कोसानं खांद्यावरून वाकून कागदाला पंजा मारला, आणि ते आत पडलं.