शीतलबाबांनी उतरवलेला ताप

आमच्या खिडकीत इतकी माणसं लोंबकळत होती की शेवटची दोघं छपरावरून उलटी डोकावत होती. मला थापा मारायची सवय आहे, पण यातली थाप एवढीच.

आत पलंगावर माझी सून. कॅन्सरची औषधं चालू, त्यात ताप म्हणजे जिवावरचं. म्हणून दवाखान्याने तिच्या दंडाला ताप मोजणारी पट्टी चिकटवलेली. तापाचा आकडा आमच्या मोबाइलवर दिसायचा, तसाच तिकडे नर्सबाईंनाही. चढला की त्यांचा फोन, लगेच घेऊन या.

गेल्या खेपेला ती दवाखान्यातून निम्मी होऊन आली. "आई, परत नेऊ नका," एवढंच म्हणायची. म्हणून लेकाने शीतलबाबांना आणलं.

"एकशे दोन," लेक म्हणाला आणि नर्सबाईंचा वाजणारा फोन त्याने कापला.

"ताप म्हणजे रुसलेला पाहुणा," बाबा म्हणाले. "समजूत घालून दारापर्यंत पोचवतो." मंतरलेल्या राखेची पुरचुंडी त्यांनी दंडावर दाबली. आकडा घसरत अठ्ठ्याण्णववर आला. खिडकीने हात जोडले. बाबा बाहेर चहाला बसले.

संसर्गाच्या भीतीने तिला कुणी शिवत नव्हतं. मी हात धुऊन कपाळ चाचपलं. तवा नुसता. दात वाजत होते.

"अरे, ही भाजतेय."

"आकडा बघ ना आई. कशाला नाट लावतेस?"

भांडायला वेळ कुठे होता? पांघरूण नीट करायच्या निमित्ताने पट्टी सोलली, तिच्या पायाशी ठेवलेल्या गरम पाण्याच्या पिशवीला डकवली आणि पिशवी दंडाशी सरकवली. आकडा एकशे पाच.

"बाबा, धावा हो," मी गळा काढला. सोंग फारसं करावं लागलं नाही.

बाबांनी डोळे मिटून पुरचुंडी पांघरुणात दाबली. "जा रे हट्टी पाहुण्या." आकडा उतरला.

मी पांघरूण ओढलं. "बघा, बाबांनी पिशवी बरी केली."

कुणी हसलं नाही. मी पुरचुंडी हिसकून उघडली. राखेच्या आत बर्फासारखी गोठवलेली जेलची पुडी, सुजेवर ठेवतात तसली. गार झाली होती ती पट्टी. सून जशीच्या तशी तापलेली.

म्हणून सांगते, कुणी चमत्काराने आकडा उतरवला तर आधी माणसाला हात लावून बघा, आणि ताप असेल तर दवाखाना गाठा. बाबाचा समाचार मागाहून घेता येतो.

लेकाने तिच्या कपाळाला हात लावला आणि तिला उचललं. मी नर्सबाईंना फोनवर सगळं सांगितलं. "निघा," त्या म्हणाल्या, "आम्ही तयारीत आहोत."

गाडीत सून पुटपुटली, "नको म्हटलं होतं ना, आई."

"घाल शिव्या," मी तिला जवळ धरलं. "उद्याही घाल."