कडुलिंबाखालची कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे, आणि स्वभावाने भारी भित्री. लोखंडाला कसली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण माझे पाते जमिनीत शिरते तिथे काय आहे, ते मला कळते आणि सांगता येत नाही. ही धास्ती मला जन्मभर पुरली.

सावद्याच्या लोहाराने मला घडवले आणि बाभळीचा दांडा बसवला. पहिली काही वर्षे मी जीवरामभाऊंच्या केळीच्या बागेत राबले. "हिच्यासारखी कुदय गावात नाही," असे ते चारचौघांत म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई. त्यांच्या जाणत्या हातात मला भीती वाटत नसे.

अडुसष्ट साली त्यांच्या शेजारी कापडवाले प्रकाशचंद शेठ राहायला आले. दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत निम्मे आयुष्य काढलेला हा माणूस पहिल्यांदाच अंगणाचा धनी झाला होता. फाल्गुन सरत होता. अंगणातल्या कडुलिंबाचा पाचोळा घोटाभर साचला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक चंचल सासरहून येणार, तिच्यासाठी लिंबाला झोका बांधायचा आणि झोक्याखाली फुलांचा वाफा करायचा, असा शेठजींचा बेत होता. ते मला मागायला आले.

"शेठ, एखादा गडी धाडतो ना. तुमच्या हाताले फोडं येतीन," जीवरामभाऊ म्हणाले.

"नको भाऊ. माझं अंगण मीच करणार!"

कापड मोजायचा गज धरावा तसे त्यांनी मला धरले, तेव्हाच मी ओळखले, हा हात जाणता नाही.

लिंबाच्या बुंध्याशी, भिंतीच्या बाजूला, मुंग्यांचे बीळ होते. शेठजींच्या आई सायरबाई तिथे रोज पीठ-साखर घालत. तो त्यांच्या घरचा नेम होता.

"त्या बाजूला हात लावू नकोस, प्रकाश. जीव आहेत तिथं," त्या म्हणाल्या.

शेठजी आईच्या शब्दाबाहेर नव्हते. मुंग्यांची बाजू त्यांनी सोडली आणि सगळा वाफा दुसऱ्या बाजूला, थेट बुंध्यापर्यंत खणला. तिथे मांडीएवढे मूळ आडवे आले. जुने, वाळलेले असेल, असे त्यांना वाटले. ते ओले होते, मित्रांनो! झाडाचा सारा भार त्याच्यावर होता. नका हो, नका, असे मी प्रत्येक घावाला म्हणत होते. तळहात फुटले तरी शेठजी थांबले नाहीत. मूळ तुटले, तेव्हा ते केवढे खूश झाले!

"असू द्या तुमच्याकडेच," असे जीवरामभाऊ म्हणाल्याने मी तिथेच भिंतीला टेकून राहिले. लिंबाला नवी पालवी आली. सगळे पालवीकडे बघत होते आणि मी बुंध्याकडे.

आखाजी आली. चंचल आली. वाफ्यावरच्या जाड फांदीला झोका बांधला. तिचा झोका वर जाई तसा माझा जीव खालीवर होई. आता पडते, मग पडते!

पाहुण्यांच्या गडबडीत सायरबाईंना त्या दिवशी पीठ घालायला उशीर झाला. वाटी घेऊन त्या बिळाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या. भर उन्हात मुंग्या तोंडात अंडी धरून बाहेर पळत होत्या. बिळाजवळ जमिनीला भेग पडली होती. ती दर झोक्याला उघडत होती आणि मिटत होती.

"चंचल, उतर!"

"दादी, एकच झोका!"

"उतर म्हणते ना!" सायरबाईंच्या हातून वाटी पडली.

चंचल उडी मारून दूर झाली. दुपारी वावटळ सुटली आणि लिंब मुळासकट वाफ्यावर कोसळला. रिकामा झोका त्याच्याखाली गेला. शेठजी तुटलेल्या मुळाजवळ किती तरी वेळ बसून होते. आपल्या तळहातांकडे बघून ते लहान मुलासारखे रडले.

आता तिथे लिंबाचे नवे रोप आहे. शेठजी दर फाल्गुनात मला बाहेर काढतात, पण आधी उकिडवे बसून हाताने माती उकरतात आणि भिंतीपलीकडे हाक मारतात, "जीवरामभाऊ, इथं खणू का?"

मित्रांनो, तुम्हीही मला उचलाल तेव्हा असेच आधी खाली बसा, माती चाचपा, कुणाला तरी विचारा. खाली काय आहे ते मला कळते हो, पण मला हाक मारता येत नाही.