लीलाबाईंच्या घरचं पाणी

सहा वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, मी सगळे नियम पाळायचो. त्या माणसाची कधीकधी आठवण येते. बिचारा फार दिवस टिकला नाही.

मुलांवर मोफत उपचार करवणाऱ्या आमच्या संस्थेने मला सांगलीहून उचलून भंडारा जिल्ह्यातल्या बपेऱ्याला पाठवलं. तिथं नऊ वर्षांची रुचिता होती, हृदयाला छिद्र असलेली. ऑपरेशन नागपूरला, मोफत. आईवडील नव्हते, म्हणून आजीची, लीलाबाईंची सही हवी होती. शुक्रवारपर्यंत. त्या दिवशी गुरुवार होता.

लीलाबाईंनी तांब्याभर पाणी आणलं. नियम होता, लाभार्थीच्या घरी काही घ्यायचं नाही. मी नम्रपणे म्हणालो, "नको आजी, आमच्यात चालत नाही."

त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तांब्या आत गेला.

"सही नाई करत मी. जा तुमी."

बाहेर गावच्या आशा सेविका दामिनीताई उभ्या होत्या.

"काय बोल्ले सर तुमी?"

मी सांगितलं.

"आमच्यात मंजे कोनात?"

"संस्थेत."

"थे तिले कसं समजन? हेच वाक्य तिनं जिंदगीभर आयकलं. थे लोकं काई संस्थेतले नव्हते."

मला लेखी खुलासा द्यावासा वाटला, पण लेटरहेड तुमसरच्या ऑफिसात होतं. म्हणून तोंडीच द्यायला परत आत गेलो.

"आजी, पाणी द्या."

"काहून? आता चालते का तुमच्यात?"

"आमच्यात म्हणजे ऑफिसात. तिथं पंखासुद्धा चालत नाही. पण बोललो ते चुकलंच."

लीलाबाई हसल्या नाहीत. तांब्या पुढे आला. मी संपवला. दुसरा आला. मग तिसरा.

रुचिता दारातून बघत होती. "आजी, सर फुटतीन."

"फुटू दे. मोफत ऑपरेशन हाय."

मग त्या खाली बसल्या. "चाळीस वर्सं झाले. एका घरी कामाले गेली, तं बाईनं वरून ओंजळीत पानी वतलं. तवा मी चूप रायली. आज नाई रायली." माझ्या हातातला कागद ओढून घेत म्हणाल्या, "कुठं करू सही?"

रुचिता यंदा दहावीला आहे. मला पाहिलं की अजून विचारते, "सर, पानी आनू का?"

पण त्या दुपारी लीलाबाई एकेक अक्षर थांबून लिहीत होत्या. तीन तांब्यांनंतर मला उठायची फार निकड होती. 'बाई'मधला 'ई' अजून यायचा होता. बसून राहिलो.