घरटी एक पातेलं

"थांबवा, गाडी थांबवा, वाटेत पातेली आहेत," कुणीतरी ओरडलं आणि शववाहिकेच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

मुलगी त्याच्या शेजारीच बसली होती. तिने काचेतून पाहिलं. छावणीतल्या झाडून साऱ्या बायका गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. कुणाच्या हातात फडक्यात धरलेलं पातेलं, कुणाच्या तपेली, कुणाच्या नुसतं चहाचं भांडं. सगळ्यांतून वाफ निघत होती.

अरे देवा, पाणी. पाण्याचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

छावणी आता नावापुरतीच. तंबू जाऊन पक्की घरं झाली, नळ आले, गच्च्या आल्या, नाव तेवढं चिकटून राहिलं. आणि पाण्याची रीतही राहिली. ही रीत कुठल्या पोथीत शोधायला जाल तर सापडायची नाही. ती पाडली ह्या मुलीच्या आईने, जिला अख्खी छावणी मावशी म्हणायची, आणि जी आता गाडीत मागे होती.

सीमा ओलांडून ही माणसं पळून आली तेव्हा मावशीची आई वाटेतच गेली. मागे गोळीबार, पुढे पळणारा लोंढा; थांबायला कुणाला सवड? म्हातारीला एका बांधाच्या कडेला, धुळीने माखलेली तशीच ठेवून मावशीला पुढे निघावं लागलं. तोंडावरून ओला हात फिरवायलाही घोटभर पाणी नव्हतं. ते तिच्या जिवाला जे लागलं ते लागलंच. पहिल्याच हिवाळ्यात छावणीत एक बाई वारली. तिला अंघोळ घालायची तर मोठं भांडं कुणाकडे नाही, लाकडं तर चहापुरतीसुद्धा नाहीत. मावशी तंबूतंबूतून हिंडली. "घरटी एक पातेलं गरम पाणी द्या. बाकीचं माझ्याकडे लागलं."

तेव्हापासून छावणीत बाई गेली की प्रत्येक घरात पाणी चढायचं. मावशी कोपराने पाणी बघायची, चटका बसेल म्हणून. कुणाला बसणार होता चटका? पण बघायची. आणि हात चालू असेपर्यंत तोंडही चालू. "मान इकडे कर गं जरा. तुझ्या लेकाला नोकरी लागली बरं का, आता काळजी सोड. आणि ह्या टाचा बघ, जन्मभर दुसऱ्यांचंच आवरत बसलीस मेले." रडणाऱ्या बायका रडता रडता हसायच्या.

पोटासाठी ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. उभं राहून राहून पायांवर शिरा आल्या होत्या, पण मुलीची फी कधी चुकली नाही. मुलीला मात्र तिच्या हातांची किळस यायची. शाळेत पोरी म्हणायच्या, तुझी आई मेलेल्यांना हात लावते. मग ही घरी येऊन आईने वाढलेलं ताट सरकवून द्यायची. आई पुन्हा एकदा कोपरापर्यंत साबण लावून यायची आणि हात पुढे करायची. "घे, वास घे. आहे का काही?" मुलगी तोंड फिरवायची. तीच मुलगी पुढे विमा कंपनीत अधिकारी झाली, मोठ्या शहरात राहायला गेली आणि शेवटच्या आजारात आईला तिकडे घेऊन गेली.

छावणीतली शिंपीण गाडीच्या दाराशी आली. मावशीच्या बरोबरीने सीमा ओलांडलेली ती एकटीच उरली होती.

"आलीस बाई? उतरवा तिला चटकन. पाणी निवतंय."

मुलगी खाली उतरली. "काकू, अंघोळ झाली तिची. तिथेच घातली."

"तिथे म्हणजे?"

"हॉस्पिटलात. त्यांच्याकडे सोय असते. नीट करतात ते."

शिंपिणीने हातातली तपेली ह्या हातातून त्या हातात घेतली. "बरं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पण बायकाच होत्या ना?"

 मुलीला ते ठाऊकच नव्हतं. ती बाहेर व्हरांड्यात फोनवर होती. गाडी ठरवायची होती, अंत्यविधीची वेळ घ्यायची होती, ऑफिसात कळवायचं होतं. मधेच गणवेशातला एक माणूस येऊन विचारून गेला, "अंघोळ इथेच घालायची का घरी? इथे घातली तर पिशवीला सील लागतं, मग उघडता येत नाही." हॉटेलात कुणी बांधून देऊ का विचारावं तसं त्याने विचारलं, आणि तिनेही फोनवर हात ठेवून तसंच सांगितलं, "इथेच करा." आत कोण होतं, बाई का बाप्या, तिने डोकावूनही पाहिलं नाही. खरं सांगायचं तर तिला पाहायचंच नव्हतं.

"हो, बायकाच होत्या," ती म्हणाली.

शिंपिणीचा चेहरा सैल पडला. "मग झालं तर. मला तेवढीच धास्ती होती."

अंडी विकणारी तरुण बाई पुढे सरसावली. "काकू, परत घातली तर काय बिघडलं? हिने सगळ्यांना घातली आणि हिलाच आपलं पाणी नाही म्हणजे काय?"

हे सगळ्यांना पटलं. दोघीतिघींनी मागचं दार उघडलंसुद्धा. तेवढ्यात ड्रायव्हर धावत आला. "ताई, हात लावू नका, पाया पडतो. सील आहे त्याला. तुटलं तर माझी नोकरी जाईल."

बायकांनी मुलीकडे पाहिलं.

"मला विचारलं होतं त्यांनी," मुलगी म्हणाली. "घरी का इथे म्हणून. मीच सांगितलं, इथे."

एकही बाई तिला बोलली नाही. कुणी चार शब्द सुनावले असते, एखादीने थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी नुसत्या माना खाली घातल्या, परक्या माणसासमोर घालतात तशा.

शिंपीण कशीबशी गाडीत चढली. पिशवीच्या एका टोकावर तिने तळवा ठेवला.

"आजी, डोकं त्या बाजूला आहे," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

तिने हात उचलला आणि त्या बाजूला नेऊन ठेवला. "जरा घाई झाली गं," ती पिशवीला म्हणाली. "राग धरू नकोस. पोरीची काही चूक नाही त्यात. तिला आपलं पाण्याचं कुणी कधी सांगितलंच नसेल."

मुलगी तिथेच उभी होती. लहानपणी ह्याच गल्लीत दारोदार फिरून पाणी चढवायला सांगण्याचं काम तिचंच असायचं. शिंपिणीला ते पक्कं आठवत होतं. तिच्याच दाराशी येऊन तर ही पहिली हाक मारायची.

शिंपीण खाली उतरली. "पाणी रस्त्यावर ओतू नका गं. एवढं तापवलंय ते घरी न्या, पोरांना अंघोळी घाला. आणि आवरून स्मशानाकडे जायची बस पकडा, वेळ ठरलेली आहे म्हणे."

बायका पांगल्या. मुलगी पुन्हा पुढच्या सीटवर बसली. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवताना ड्रायव्हर दोनदा आरशात मागे बघत होता. मुख्य रस्त्याला लागल्यावर त्याला राहवेना.

"एवढ्या सगळ्या मुली आजींच्या?"

"हो," ती म्हणाली.

"नशीबवान बाई." त्याने गियर बदलला. "आणि तुम्ही कोण त्यांच्या?"

तिने तोंड उघडलं. एवढा साधा शब्द, पण तो काही केल्या बाहेर येईना.

"मी," ती म्हणाली, "मी हॉस्पिटलचं सगळं बघितलं."